चौदा नंबरची एकेचाळिसावी फेरी

१

डबा जागेवर होता. काचेचं कपाट बंद होतं. कपाटाची किल्ली माझ्या टेबलामागच्या खिळ्यावर होती. डब्यात तीन कागद असायला हवे होते, आणि होते दोन.

माझा गुन्हा आधीच कबूल करते. हॅडली ओव्हलच्या संग्रहालयात टेबलाशी बसून सगळ्यांवर नजर ठेवणं हे माझं काम. पण त्या शुक्रवारी अकरा वाजता अडतीस वर्षांनी पहिल्यांदा रोड रेसचा सराव सुरू झाला. इंडियानात वाढलेल्या बाईने इंजिनाचा आवाज ऐकून तिकिटं मोजत बसावं, ही अपेक्षाच चुकीची. मी दाराला कडी लावायचंही विसरले आणि पळाले.

स्टँडमध्ये जी मजा झाली ती सांगायलाच हवी. आमच्या ओव्हलवर, म्हणजे लंबगोल धावपट्टीवर, गाड्या कायम डावीकडे वळतात. चौथ्या वळणातून बाहेर पडतात, आमच्यासमोरून पांढरी रेषा ओलांडतात आणि पहिल्या वळणात शिरतात. नव्वद वर्षं हेच चाललंय. रोड रेस मात्र मधल्या मैदानातल्या रस्त्यावरून फिरून येते आणि उलटी धावते, म्हणजे गाड्या पहिल्या वळणाकडून येतात. हे पत्रकात छापलं होतं, भोंग्यावर सांगितलं होतं. तरी सगळं स्टँड चौथ्या वळणाकडे माना करून बसलं, आणि पहिली गाडी पाठीमागून येऊन कानाशी फुटली. माझं लेमोनेड पुढच्या माणसाच्या टकलावर सांडलं. तो म्हणाला, "राहू दे बाई, माझंही थोबाड तिकडेच होतं."

अर्ध्या तासाने हसत हसत परत आले, उघडं दार पाहून धास्तावले आणि डब्याची तार कात्रीने कापून कागद मोजले. गेलेला कागद कुणाचा, हे बघायची गरजच नव्हती. तरी पाहिलं. चौदा नंबरच्या गाडीच्या फेऱ्यांचा तक्ता गेला होता. उद्या दुपारी तो सगळ्या गावासमोर उघडायचा होता.

२

पोलिसांना न बोलावता मी व्हर्जिल ग्रॅबरला बोलावलं. व्हर्जिल चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. तीस वर्षं त्याने शर्यतीआधी गाड्यांची तपासणी केली. तपासणीपुरती टाकी लहान दिसावी म्हणून कुणी तिच्यात फुगवलेला चेंडू लपवला, जास्त पेट्रोल मावावं म्हणून कुणी नळी दोन वाव जास्त लांब ठेवली, त्याने सगळ्यांना पकडलं. गावात त्याला जेवायला फारसं कुणी बोलवत नाही.

"पैशाची चोरी नाही, जुन्या कागदाची," मी म्हणाले. "एवढ्यासाठी तुम्हाला त्रास..."

"अगं ट्रूडी, त्या कागदाने ही शर्यत बंद पाडली," तो खुर्चीत बसत म्हणाला. "त्रास कसला?"

खरं होतं ते. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली प्रत्येक गाडीच्या फेऱ्या मोजायला एक माणूस असायचा. बहुतेक वेळा ड्रायव्हरची बायकोच. गाडीने रेषा ओलांडली की घड्याळ बघून कागदावर वेळ लिहायची. चौदा नंबर डेल टिंडल चालवत होता आणि त्याची बायको ओपल मोजत होती. शर्यत संपल्याचा चौकटीचा झेंडा सगळ्यांत आधी डेलला पडला. दोन तासांनी मुख्य मोजणीदार क्लाइड पेन्स बंद खोलीतून बाहेर आला आणि म्हणाला, ओपलने एक फेरी जास्त लिहिली आहे. डेलचा पहिला नंबर गेला आणि एकतीस नंबरचा रॉय हॉस्टेटलर विजेता ठरला. मारामारी झाली, खुर्च्या उडाल्या, आणि मालकाने रोड रेस कायमची बंद केली. तक्ता क्लाइडने कुणालाच दाखवला नाही.

डेलला पुढच्या वर्षी कुणी गाडी दिली नाही. तो वारला त्यालाही दहा वर्षं झाली. ओपलने अडतीस वर्षांत या फाटकातून पाऊल आत टाकलं नव्हतं. नवऱ्यासाठी खोटी फेरी लिहिणारी बाई, असं लोक तिच्या पाठीमागे म्हणायचे. काही जण तोंडावरही म्हणायचे.

मग या उन्हाळ्यात क्लाइडच्या तळघरात हा पत्र्याचा डबा सापडला. क्लाइडचा मुलगा लायल आता शर्यतीचा प्रमुख आहे. त्याने ठरवलं, शनिवारी तक्ता वाचायचा, काय ते एकदा मिटवायचं, आणि सुरुवातीचा हिरवा झेंडा ओपलच्या हातात द्यायचा. ओपल सत्त्याहत्तर वर्षांची. ती हो म्हणाली, याचंच सगळ्यांना नवल.

व्हर्जिल डब्याला नाक लावून बसला होता. डब्याला कुलूप नव्हतं, कडीत तार पिळून बांधली होती; मी ती कापली तरी पीळ तसाच होता.

"ही तार कुणी पिळली?"

"लायलने. काल, माझ्यासमोर. कागद वरवर मोजले, उलगडले नाहीत, आणि तार गुंडाळली."

"गुंडाळली ना? मग हे बघ."

मी वाकून पाहिलं. लायलने तार कशीबशी दोन वेढे देऊन दाबली होती. आता तिला एकसारखे, घट्ट, बारीक पीळ होते आणि टोक आत वळवलेलं होतं.

"गाडीतले स्क्रू सुटू नयेत म्हणून अशी तार पिळतात," व्हर्जिल म्हणाला. "चोराला घाई होती, तरी हाताने सवय सोडली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आज या आवारात किल्लीचा खिळा माहीत असलेली आणि असा पीळ घालणारी माणसं दोनच."

"कोण?"

"एक मी," तो म्हणाला.

३

दुसऱ्याचं नाव विचारणार तोच लायल धाडकन आत आला. बासष्ट वर्षांचा हा माणूस घाम पुसायला तीन रुमाल बाळगतो.

"ट्रूडी, ओपल टिंडल इथे होती का सकाळी?"

होती. पावणेअकराला मी तिला कपाटासमोर उभी पाहिली होती, तळहात काचेवर ठेवून. मी गप्प बसायला हवं होतं, पण मला खोटं बोलता येत नाही.

"झालं तर मग!" लायल म्हणाला. "चूक दिसू नये म्हणून तिनेच नेला. माझ्या वडिलांवर अडतीस वर्षं शंका घेतली लोकांनी, आणि आज पुरावा समोर येणार तर... ते काही नाही. उद्या बारापर्यंत कागद आला नाही तर झेंडा दुसऱ्या कुणाच्या हातात जाईल. चोर ठरलेल्या बाईला मी वर उभी करणार नाही."

"ठरली कधी?" व्हर्जिलने विचारलं. लायल दुसरा रुमाल काढत बाहेर पडला.

ओपल बाहेर झाडाखालच्या बाकावर बसली होती. शेजारी कागदी ताटलीत डुकराच्या मांसाचा तळलेला तुकडा, पावाच्या बाहेर चहूकडून वीतभर आलेला, तसाच पडला होता.

"कळलं मला लायल काय म्हणतोय ते," आम्ही जवळ जाताच ती म्हणाली. "तपास, व्हर्जिल. पिशवी तपास, बूटही तपास."

"बोटं दाखव फक्त," व्हर्जिल म्हणाला.

तिने हात पुढे केले. संधिवाताने बोटं मुळांसारखी वेडीवाकडी झाली होती. व्हर्जिलने मान डोलावली आणि तिच्या शेजारी बसला.

"तुला तो कागद वाचला जायला हवा होता का गं?"

"हवा होता म्हणजे! त्यासाठीच तर आले." तिचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. "मी तीन वर्षं मोजलं आणि एकदाही चुकले नव्हते. त्या दिवशीही चुकले नाही असं मला वाटायचं. पण सगळं गाव वर्षानुवर्षं म्हणतं तेव्हा माणूस स्वतःलाच विचारायला लागतो. डेलने मला एका शब्दाने दुखावलं नाही. त्याचंच जास्त लागलं. चूक असेल तर असू दे, पण मरायच्या आधी मला ती डोळ्यांनी बघायची आहे."

मला रडू आलं. मी ताटलीकडे बघत राहिले.

"ती एकेचाळिसावी फेरी ना? डेल पेट्रोल भरायला पिटमध्ये थांबला होता ती?"

"तीच. क्लाइड म्हणाला, थांबण्याआधी एकदा मोजलीस आणि निघताना पुन्हा मोजलीस."

"आणि डेलची थांबायची जागा?"

"आमची नेहमीचीच. पहिल्या वळणाच्या टोकाची, शेवटची. तुला माहीत आहे की."

व्हर्जिल उठला, दोन पावलं गेला आणि थबकला. त्याच्या तोंडावर एक भाव आला, जो मी पूर्वी फक्त एखाद्या गाडीखालून बाहेर येताना पाहिला होता.

"ट्रूडी," तो हळूच म्हणाला, "आता रॉयकडे चल. आणि मध्ये बोलू नकोस."

४

रॉय हॉस्टेटलर, एकोणऐंशी वर्षांचा, अजून तुरुतुरु चालणारा. ओव्हलवर सव्वीस वर्षं धावला, रोड रेस फक्त चार वेळा. संग्रहालयाच्या मागे आपल्या ट्रकच्या पायरीवर बसून तो दोघा म्हाताऱ्यांबरोबर पत्ते कुटत होता. आम्हाला बघून म्हातारे उठून गेले. व्हर्जिल आला की लोक असे जातातच.

"आलास?" रॉय म्हणाला. "टाकीत चेंडू नाहीये माझ्या."

"अरे, त्या वर्षीही नव्हता, म्हणूनच मला संशय आला होता." व्हर्जिलने पत्ते उचलून पिसायला घेतले. "ओपलच्या गवत कापायच्या मशीनला अजून तूच तेलपाणी करतोस म्हणे."

"डेल गेल्यापासून. बाई एकटी आहे. का, त्याचीही परवानगी लागते?"

"नाही रे. कागद गेला ते ऐकलंस ना? सगळ्यांना विचारतोय. अकरा ते साडेअकरा कुठे होतास?"

"कुठे असणार? तारेच्या कुंपणाशी. सराव बघत होतो."

"कसा होता?"

"झकास! ती निळी गाडी आहे ना, त्या पोरीची. चौथ्या वळणातून अशी सणसणत आली समोर, की माझी टोपीच उडाली. अडतीस वर्षांनी पुन्हा रोड रेस! डोळे भरून आले बघ."

मला गप्प बसायला सांगितलं होतं म्हणून मी गप्प बसले, आयुष्यात पहिल्यांदाच.

व्हर्जिलने पत्ते खाली ठेवले. "रॉय, तू कुंपणाशी नव्हतास."

"म्हणजे?"

"आज चौथ्या वळणातून समोर एकही गाडी आली नाही. सगळ्या पहिल्याकडून आल्या. तिथे असलेला प्रत्येक माणूस आज निदान एकदा चुकीच्या बाजूला बघत बसला, आणि ते तो जन्मात विसरणार नाही. ट्रूडीने तर एकाचं टक्कल धुतलं."

रॉयची मान हळूहळू खाली गेली.

"तार छान पिळलीस," व्हर्जिल म्हणाला.

५

रॉयने शर्टाच्या आतून कागद काढला. चार घड्या, पिवळा पडलेला.

मी चिडले होते. "लाज नाही वाटत? स्वतःचा कप वाचवायला त्या म्हातारीला चोर ठरवलंत!"

"कप?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळले. "कप कुठे आहे हेसुद्धा मला आठवत नाही. क्लाइडने तेव्हाच मला सांगितलं होतं, तिची चूक उघड आहे. उद्या लायल ते भोंग्यावर वाचणार. आठ हजार माणसांसमोर. पुन्हा एकदा! मी विचार केला, कागदच नसला तर वाचणार काय? तिच्यावर आळ येईल हे डोक्यातच आलं नाही. कळलं तेव्हा... परत ठेवायला गेलो तर तुम्ही दोघं तिथे."

"जाळला का नाहीस?" व्हर्जिलने विचारलं.

"जाळणार होतो. तिचं अक्षर आहे रे. किती नीट लिहिलंय बघ."

"उघडून पाहिलास?"

"पाहिला. त्या ओळीवर लाल रेघ आहे. बस, तेवढं पुरे झालं मला."

"तेवढंच पुरे झालं सगळ्यांना," व्हर्जिल म्हणाला. कागद घेऊन त्याने बराच वेळ वाचला. मग खदाखदा हसला. मी त्याला हसताना पूर्वी पाहिलं नव्हतं. "लायलला बोलाव. ओपललाही. आणि पिटमध्ये या सगळे."

सराव संपला होता. पिटची वाट मोकळी होती, आणि तिच्यावरून आडवी गेलेली पांढरी रेषा उन्हात चमकत होती. पलीकडे पहिल्या वळणाच्या टोकाला डेलची जुनी जागा होती. ओपल रॉयच्या शेजारी उभी राहिली. त्याने खालमानेने सगळं सांगून टाकलं होतं, आणि ती फक्त "येडा कुठला" एवढंच म्हणाली होती.

"लायल," व्हर्जिल म्हणाला, "तू चौदा नंबर आहेस. रोड रेस चालू आहे. एकेचाळिसावी फेरी. पिटमध्ये ये आणि डेलच्या जागी थांब."

"हा काय पोरखेळ..."

"ये रे बाबा!"

लायल धुसफुसत गेला. चौथ्या वळणाच्या टोकापासून चालत निघाला, आमच्यासमोर रेषा ओलांडली आणि डेलच्या जागी जाऊन उभा राहिला. "हं. आलो. रेषा ओलांडली, मग थांबलो. वडील हेच म्हणत होते. फेरी आत येतानाच मोजली गेली. निघताना पुन्हा लिहायची गरजच नव्हती."

रॉयनेच आधी डोक्याला हात लावला.

"लायल," व्हर्जिल शक्य तेवढ्या मऊपणे म्हणाला, "तू कुठल्या बाजूने आलास?"

लायलने चौथ्या वळणाकडे पाहिलं. मग पहिल्याकडे. त्याचा रुमाल हातातच राहिला.

"उलटी शर्यत आहे ती," व्हर्जिल म्हणाला. "डेल या बाजूने, पहिल्याकडून आत आला. म्हणजे रेषेच्या अलीकडेच थांबला. रेषा त्याने ओलांडली ती निघताना, एकदाच. ओपलने लिहिली तीही एकदाच. तुझे वडील चोर नव्हते, लबाडही नव्हते. चाळीस वर्षं ओव्हल मोजलेला माणूस, बंद खोलीत बसून डोळ्यांपुढे पिट आणलं आणि गाडी नेहमीच्या बाजूने आत आणली. रॉय चार वेळा ही शर्यत धावला, तरी खोटं बोलताना त्याच्या तोंडून ओव्हलच निघालं. तू स्वतः उद्याच्या शर्यतीचा प्रमुख! जित्याची खोड आहे ही, आपल्या सगळ्यांची."

"हा अंदाज झाला," लायल पुटपुटला. "पुरावा?"

"हा घे. इथे क्लाइडचं लाल पेन्सिलीचं अक्षर: 'थांबा रेषेच्या पुढे, दुबार नोंद.' पुढे म्हणतोय, बघ. आता ओपलच्या वेळा. चाळिसावी फेरी दोन वाजून चौदा मिनिटं पाच सेकंद. लाल रेघवाली दोन सोळा वीस. पुढची दोन सतरा बावन्न. त्या दिवशी डेलला एका फेरीला दीड मिनिट आणि वर दोन सेकंद लागत होते. कोपऱ्यात पिटमधल्या माणसाने थांबा लिहिलाय, त्रेचाळीस सेकंद. ट्रूडी, बेरीज कर."

मी बोटांवर केली. "दोन मिनिटं पंधरा सेकंद."

"चौदा-पाचमध्ये मिळव."

"सोळा वीस." मला ओरडावंसं वाटलं. "अगदी बरोबर सोळा वीस!"

"तिने दोनदा मोजलं असतं तर त्रेचाळीस सेकंद आधीची आणखी एक नोंद असती. कुठे आहे? नाही. आणि क्लाइडसारखी ती ओळ खोडली, तर डेलला एका फेरीला पावणेचार मिनिटं लागली असं होतं. तेवढ्यात मी पायी येईन." व्हर्जिलने कागद घडी न करता ओपलच्या हातात दिला. "तू चुकली नव्हतीस. सेकंदानेही नाही."

ओपलने तो कागद धरला. वाकड्या बोटाने ती ओळ शोधली आणि लाल रेघेखालचे आपले आकडे वाचले, एकदा, पुन्हा एकदा. मग ती म्हणाली, "डेल जिंकला होता." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "माझा डेल जिंकला होता." आणि तिथेच, पिटच्या भिंतीवर बसून, ती मोकळेपणाने रडली. रॉयही रडला. लायलने आपला तिसरा, न वापरलेला रुमाल तिला दिला आणि म्हणाला, "मिसेस टिंडल, तुमच्याबद्दल मी जे बोललो... मला माफ करा. वडिलांच्या वतीनेही."

"तुझे वडील फार दमले होते रे त्या दिवशी," ओपल म्हणाली. "खुर्च्या उडत होत्या."

६

शनिवारी लायलने तक्ता स्वतः वाचला, लाल अक्षरासकट, आणि आवाज कापला तरी थांबला नाही. रॉयने कप आणला. तो त्याच्या गॅरेजमध्ये निघाला होता, त्यात खिळे ठेवलेले होते. त्याने भोंगा हातात घेतला आणि म्हणाला, "अडतीस वर्षं हा चुकीच्या घरात राहिला. खिळे माझे आहेत, ते मी काढून घेतलेत." आठ हजार माणसं हसली आणि मग उभी राहिली. टाळ्या इतका वेळ वाजल्या की शर्यत सहा मिनिटं उशिरा सुरू झाली.

व्हर्जिलला त्या दिवशी तीन घरांतून जेवायचं बोलावणं आलं. त्याने तिन्ही घेतली.

मी संग्रहालयाला कडी लावली, दोनदा तपासली आणि स्टँडमध्ये येऊन बसले. रेषेच्या वर, झेंड्याच्या मचाणावर, ओपल हिरवा झेंडा घेऊन उभी होती. गाड्या मैदानातल्या रस्त्यावरून वळसा घालून येत होत्या. दिसत नव्हत्या, नुसता आवाज वाढत होता. आम्ही सगळे श्वास रोखून बसलो. काल एवढं रामायण घडलं होतं, आत्ताच भोंग्यावर सगळं समजावून सांगितलं होतं, आणि तरी आठ हजार माना चौथ्या वळणाकडे वळल्या होत्या. माझीसुद्धा. हे माझ्या ध्यानात आलं ते फक्त मचाणाकडे बघितल्यावर.

ओपल एकटी पहिल्या वळणाकडे बघत होती. तिने झेंडा उचलला आणि गाड्या तिकडूनच आल्या.